सोयाबीनची पट्टी येणाऱ्या खात्याचं कार्ड चालू ठेवावं का?

मोंढ्याजवळचा, लातूर
माझं मत स्पष्ट आहे. ज्या खात्यावर सोयाबीनची पट्टी (विक्रीचे पैसे), पीकविमा, अनुदान येतं, त्याचं एटीएम कार्ड बंद ठेवा. दुसरं खातं काढा, त्यात खर्चापुरते पैसे टाका, कार्ड तेवढंच वापरा. एटीएममध्ये मागचा माणूस म्हणतो, "काका, व्यवहार झाला नाही, परत पिन टाका." पिन बघून घेतो आणि कार्ड काढून देताना हातात ठेवतो ते त्याच बँकेचं, त्याच रंगाचं, पण दुसऱ्याच्या नावाचं. काका कार्ड खिशात घालून गावाकडं. कार्डावरचं नाव कोण वाचतंय?

परभणीची लेक
दादा, हे काही पटलं नाही. चोर मोकळा आणि म्हाताऱ्या माणसानं शाखेपुढं उन्हात बसायचं? रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक वाचा. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला शून्य भुर्दंड. ग्राहक जबाबदार आहे हे बँकेनं सिद्ध करायचं. हा हक्क लोकांना सांगा ना!

मोंढ्याजवळचा, लातूर
ताई, त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कार्डबदलीत बँक नेमकं हेच म्हणते, पिन तुम्हीच दाखवला. आणि तीन दिवसांत कळणार कसं? कितीतरी घरांत खात्याला नंबर पुण्यातल्या पोराचा असतो. तो कंपनीत, मेसेज तसाच पडून. आधी तो नंबर बदला.

बँक मित्र, बीड
भाऊ, कार्डाचंच काय धरून बसलात? आमच्याकडं निम्मे लोक अंगठ्यावर पैसे काढायलेत. त्याला कार्डही लागत नाही अन् पिनही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, पैसे काढायचेत तेव्हा उघडा. अन् दुसरं खातं काढताना जपून. तिथं अनुदानासाठी आधार जोडायला संमती दिली की अनुदान तिकडंच वळतं. मग लोक इथं येऊन विचारतात, माझे पैसे कुठं गेले.

मोंढ्याजवळचा, लातूर
हे महत्त्वाचं सांगितलंत. नव्या खात्याच्या फॉर्मवर ती संमती द्यायची नाही.

परभणीची लेक
तरी पूर्ण बंद नकोच. कार्ड चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय देणं बँकांना २०२० पासून बंधनकारक आहे. ॲपवर जमत नसेल तर शाखेत सांगा. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद, एटीएमची मर्यादा गरजेपुरती. रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दोन-पाच हजार हातात यायला नकोत का?

मोंढ्याजवळचा, लातूर
दवाखान्यासाठीच तर दुसरं खातं म्हणतोय, ताई. तुमची मर्यादा त्या कार्डावर ठेवा. पट्टीचं खातं बंदच. आणि पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.