मिकलातची चावी (बिल्डिंगमधल्या मराठी ज्यू लोकांचा ग्रुप, अश्दोद, इस्रायल)

याएल: शुभ सकाळ म्हणणार नाही. रात्री अझाका (हल्ल्याचा सायरन) झाली, दोन्ही पोरांना उचलून खाली पळाले तर मिकलातला (बिल्डिंगच्या बॉम्ब-शेल्टरला) कुलूप. कुलूप!! छोटी अनवाणी, मोठा अर्धा झोपेत, जिन्यात भिंतीला टेकून बसलो. चावी कोणाकडे आहे एवढंच सांगा

शलोम मामा: शालोम सर्वांना 🙏 देवाच्या कृपेने काही झालं नाही. यमनचं मिसाईल होतं, वरच्या वर पाडलं

याएल: पाडलं ते मला पण कळलं मामा. चावी?

रिबेका काकू: आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एलिझाबेथ आजींचं काय? लिफ्ट नाही, त्यांना सांभाळणारी ती केरळची पोरगी एकटी व्हीलचेअर कशी उतरवणार

सॅमसन (अ‍ॅडमिन): चावी वादकडे (बिल्डिंगच्या कमिटीकडे) असते. वाद म्हणजे मोझेस काका. मोझेस काका इंडियाला गेलेत

दानी: म्हणजे चावी पण इंडियाला 😂😂

सॅमसन (अ‍ॅडमिन): असं नसेल रे, ठेवली असेल कोणाकडे तरी

शलोम मामा: मोझेसने कुलूप लावलं त्याला कारण आहे. आत सायकली, कोणाचा तरी बंद पडलेला फ्रिज. आणि आपल्यापैकी पण काही जणांची मलिद्याची पातेली नि खुर्च्या आहेत, नाव घेत नाही

नाओमी: घ्या ना नाव. पातेली माझी आहेत. तुमच्या नातवाच्या बार मित्झ्वाला त्याच पातेल्यांत पोहे भिजले, नारळ मीच खवला, आणि उरलेला मलिदा डबे भरभरून तुमच्याच घरी गेला. तेव्हा अडचण नव्हती झाली

शलोम मामा: मी तक्रार कुठे केली? एलियाहू हनावीच्या (एलिया प्रेषिताच्या) नावाची भांडी आहेत, राहू देत. सायकली काढा म्हणतोय

रिबेका काकू: एलिझाबेथ आजींचं काय

दानी: इरियाला (नगरपालिकेला) 106 वर फोन करा ना कोणीतरी

सॅमसन (अ‍ॅडमिन): जूनमध्ये केला होता, इराणच्या त्या 12 दिवसांत. ते म्हणतात पब्लिक मिकलात आमचं, बिल्डिंगच्या आतलं तुमचं तुम्ही बघा. तेव्हा आपण हाताने साफ केलं, सगळे खाली झोपत होतो, कोणी चहा आणतंय कोणी चकल्या, मोरोक्कोवाली बाई पण आपल्या चकल्या मागून खायची. युद्ध थांबलं आणि आठवड्यात सायकली परत आत

दानी: तामा 38 ला (जुन्या बिल्डिंगी मजबूत करायच्या योजनेला) सह्या केल्या असत्या तर आज प्रत्येक घरात ममाद (सुरक्षित खोली) असता, चावीचा प्रश्नच नाही. कंत्राटदार दोनदा येऊन गेला. सही कोणी अडवली ते सगळ्यांना माहीत आहे

नाओमी: आम्ही अडवली, परत आला तर परत अडवू. सासूबाईंना या वयात दोन वर्षं धुळीत आणि ड्रिलच्या आवाजात ठेवू का? तुझं काय, तू दिवसभर तेल अवीवला

शलोम मामा: 91 ला सद्दामच्या स्कडच्या वेळी कुठे होते ममाद? ते सगळं नंतर आलं. खोलीला प्लॅस्टिक लावलं, चिकटपट्टी मारली, तोंडाला मास्क, बसलो गपचूप. कोणी रडलं नाही

रिबेका काकू: तुम्ही रडला होतात शलोम. मी त्याच खोलीत होते

दानी: 🤣🤣🤣

याएल: तुमची मजा चालू द्या. घरात नवरा नाही माझा. ऑक्टोबर 2023 पासून मिलुइमला (राखीव सैनिकांच्या ड्यूटीला) किती वेळा गेला ते मोजायचं पण सोडलं मी, आत्ताही तिथेच आहे. नोकरी मी, गानला (बालवाडीत) पोरगी सोडणार मी, रात्री अझाका झाली की दोन पोरं दोन काखेत. ठाण्याला आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडणं व्हायची तेव्हा वाटायचं एकदा इथून सुटू दे

दानी: आणि ज्यांनी जायला पाहिजे ते जात नाहीत. शासवाले (रब्बींची पार्टी) सरकारमधून बाहेर पडले ते सुद्धा पोरं सैन्यात पाठवायला लागू नयेत म्हणून

सॅमसन (अ‍ॅडमिन): दानी, राजकारण नको. पिन केलेला मेसेज वाच

शलोम मामा: त्यानेच सुरू केलं. दर शनिवारी तेल अवीवला कप्लान रस्त्यावर सरकारविरुद्ध झेंडा घेऊन उभं राहायचं आणि आम्हाला शिकवायचं. 77 ला बेगिन पंतप्रधान झाला तेव्हा आपल्यासारख्यांना पहिल्यांदा कोणी माणूस म्हणून विचारलं. त्याआधी आम्ही सगळे फक्त होदीम, इंडियावाले

दानी: आणि मामा, आपल्या पोरींची लग्नं लावायच्या आधी आपण खरे ज्यू का म्हणून आई-आजीच्या पिढ्या कोण तपासायला बसलं होतं? रब्बीच ना? तुमचे वडील जेरुसलेमला धरण्याला बसले ते कोणाविरुद्ध? आणि आज तुम्ही त्यांच्याच पार्टीला मत देता

शलोम मामा: तेव्हा सरकार मापाईचं, डाव्यांचं होतं!! तुझ्या लोकांचं! ऑगस्ट 64 ला क्नेसेतने (संसदेने) आपण बरोबरीचे ज्यू असा ठराव केला तेव्हा कुठे गोष्टी हलल्या. माझ्या वडिलांचं नाव या ग्रुपवर घ्यायचं नाही

*हा मेसेज डिलीट केला आहे*

*हा मेसेज डिलीट केला आहे*

नाओमी: बरं बिरड्याचा सण आलाय, वाल कोणाला मिळाले का? इथल्या दुकानात संपलेत

रिबेका काकू: रामला गावात बघ. पण लगेच आण, मोड यायला, सोलायला वेळ जातो. आणि एलिझाबेथ आजींचं काय ते अजून कोणी सांगितलं नाही

मोझेस काका: शालोम मंडळी. अलिबागला आहे, तलाठ्याकडे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं आणि त्यांच्या चार भावांचं नाव, एकाचे वारस दिमोनाला, एकाचे कॅनडात. पाऊस म्हणजे काय सांगू. चावी खिशात आहे माझ्या

दानी: 😂😂😂 बोललो होतो

मोझेस काका: दुसरी मीटरच्या पेटीत होती. त्या रशियन इगोरने घेतली असेल

याएल: इगोरकडे चावी नाही. मीटरच्या पेटीत पण बघितलं. त्याच्याकडे ग्राइंडर आहे, कापतोय आत्ता. सायकली बाल्कनीत नेतोय. आणि रात्री अझाका झाली तर तो आणि त्याचा मुलगा आजींना खुर्चीसकट उतरवणार, फोनवर सूचना आली की लगेच वर जाणार. केरळच्या मुलीशी बोलून पण झालं त्याचं, दोघांचं हिब्रू सारखंच आहे

रिबेका काकू: देव त्याचं भलं करो. खुर्चीचा पट्टा ढिला आहे म्हणावं, आधी आवळ

मोझेस काका: कापू नका!! 180 शेकेलचं कुलूप आहे, पावती आहे माझ्याकडे

याएल: कापलं

नाओमी: माझ्या पातेल्यांना हात लावू नका म्हणावं त्याला

शलोम मामा: फ्रिज कोणाचा ते पण विचारा

रिबेका काकू: फ्रिज तुमच्या मुलाचा आहे शलोम

सॅमसन (अ‍ॅडमिन): आता चावीचं कुलूप नाही, नंबरवालं लावू, नंबर सगळ्यांना देऊ. घरामागे 15 शेकेल, बिटवर (फोनवरून पैसे पाठवायचं ॲप) पाठवा. आणि दानी, तुझे वादचे पैसे मार्चपासून बाकी आहेत, ते पण यातच टाक

दानी: बघतो