फियाट ५०० घ्यायचीय: आजींच्या गॅरेजातली एल की डीलरकडची चकाचक डी?

तोरिनोत_नवा

नमस्कार मंडळी, इटलीत तोरिनोला येऊन तीन वर्षं झाली आणि आता डोक्यात जुनी फियाट ५०० जी शिरलीय ती काही केल्या निघत नाही. २००७ नंतरची नवी नाही हं, खरीखुरी चिंक्वेचेन्तो (इटालियनमध्ये पाचशे), मागे इंजिनवाली. दोन गाड्या नजरेत आहेत आणि दोन्ही बघून आलोय पण ठरत नाहीये.

पहिली आमच्याच बिल्डिंगमधल्या एका आजींची. त्यांच्या मिस्टरांची ५०० एल मॉडेल, १९७० ची. मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून गाडी खाली गॅरेजात तशीच उभी आहे. रंग निळा आहे असं आजी म्हणतात, मला तरी धुळीचाच दिसला. मागच्या सीटवर जॅमच्या रिकाम्या बरण्यांचे खोके रचलेत. काळी टीओ (म्हणजे तोरिनोची) नंबरप्लेट आहे, डॅशबोर्डला काळं प्लास्टिक, पेट्रोलचा काटा आहे, पुढच्या बंपरवर जास्तीची नळी आहे. आजी ४००० युरो म्हणतायत.

दुसरी एका डीलरकडे, ५०० डी, १९६४, लालभडक, पेंटमध्ये तोंड दिसतं. मागे अबार्थचा (फियाटना वेगवान करणारी कंपनी) विंचवाचा बिल्ला, इंजिनचं झाकण अर्धवट उघडं ठेवायची दांडी, नवीन सीटा, दाराच्या पुढच्या बाजूच्या बिजागऱ्याही नव्याकोऱ्या. 'पूर्ण रिस्टोअर केलेली, घ्या नि चालवा' म्हणतो. १३५०० युरो. मला पाना पकडता येतो पण मेकॅनिक काही नाही मी, सगळं धरून बजेट १४ च्या आसपास. फोटो टाकलेत. काय करू?

काळे_हात

भाऊ, तू स्वतःच लिहिलंयस आणि तुझ्याच लक्षात आलं नाही. दाराच्या *पुढच्या* बाजूला बिजागऱ्या? मग ती डी नाहीच. १९५७ मध्ये नुओवा ५०० आली तेव्हापासून १९६५ पर्यंत, म्हणजे एन आणि डी दोन्ही मॉडेलना, दारं उलटी होती, बिजागरी मागे आणि दार पुढून उघडायचं. १९६५ ला एफ आली तेव्हा कुठे दारं आजच्यासारखी झाली. त्यामुळे १९६४ ची डी आणि दारं सरळ हे गणितच बसत नाही. दार बदललं म्हणून भागत नाही, अख्खा खांब बदलावा लागतो. म्हणजे एकतर डीलरला गाडी कळत नाही, नाहीतर डीचे कागद एफच्या बॉडीवर चढवलेत. दुसरं असेल तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नकोस. चासी नंबर स्वतः बघ, बॉडीवर कोरलेला आणि लिब्रेत्तोतला (गाडीच्या नोंदणीपुस्तकातला), दोन्ही जुळले पाहिजेत. नंबरच्या आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या की चहा पण न पिता निघायचं.

आणि विंचवाचं म्हणशील तर तो विंचू ऑनलाइन मिळतो, दांडी पण मिळते. कार्लो अबार्थच्या कंपनीने ५९५ काढली १९६३ ला, ६९५ त्याच्या पुढच्या वर्षी, पण आज रस्त्यावर जितके विंचू दिसतात तितक्या गाड्या तेव्हा बनल्याच नव्हत्या. कागदात अबार्थ नसेल तर त्या बिल्ल्याचा एक युरोही जास्त द्यायचा नाही.

आजींची मात्र एलच वाटतेय. एल १९६८ ला आली ती थोडी 'लक्झरी' म्हणून, काळा डॅशबोर्ड, बंपरवरच्या नळ्या आणि मुख्य म्हणजे पेट्रोलचा काटा. एफला काटा नसतो, टाकी संपत आली की नुसता लाल दिवा. त्यामुळे तू जे जे सांगतोयस ते सगळं जुळतंय.

आता बघायला जाशील तेव्हा टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जुने कपडे. सगळ्यात आधी पायाखालच्या मॅट उचल. फ्लोअर, दाराखालचे सिल, पुढे बॅटरीचा ट्रे (अॅसिड सांडून तिथला पत्रा हमखास खाल्लेला असतो), आडवा स्प्रिंगचा पाटा जिथे बॉडीला बसतो ती जागा आणि मागे इंजिन ज्या आडव्या मेंबरवर टेकलेलं असतं तो. चुंबक चिकटलं नाही की खाली लांबी (पुट्टी) भरलीय समज. इंजिनचं टेन्शन घेऊ नकोस, दोन सिलिंडर, एअर कूल्ड, ४९९.५ सीसी, दोन माणसं हातावर उचलून टेबलावर ठेवतात. पैसे खातो तो पत्रा.

कागदवाली

काळे_हात दादांशी सहमत पण मी कागदांवर येते कारण आपले लोक तिथेच आपटतात.

गाडी अजून आजींच्या मिस्टरांच्या नावावर असणार. म्हणजे आजी एकट्या सही करून विकू शकत नाहीत, जितके वारस असतील तितक्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आधी वारसांची नोंद आणि मग तुझा पासाज्जो दि प्रोप्रिएता, म्हणजे गाडी तुझ्या नावावर. मुलं कुठे कुठे आहेत ते आधी विचार, चार भावंडांपैकी एक अर्जेंटिनात निघाला की झालंच. आणि दुसरं, पीआरएमधून (गाड्यांचं सरकारी रजिस्टर) त्या नंबरप्लेटची वीझुरा, म्हणजे नोंदीचा उतारा, काढून घे, थोडक्या पैशात मिळते. त्यात गाडीवर काही बोजा आहे का आणि इतकी वर्षं उभी राहून ती रादियाता तर झाली नाही ना, म्हणजे रजिस्टरमधून नाव काढून टाकलेलं, ते कळतं. झालेली असेल तर परत चढवता येते पण वेळ आणि पैसा दोन्ही जातो, मग ४००० हा भाव राहत नाही.

ती काळी प्लेट सांभाळ. १९८५ नंतर पांढऱ्या आल्या, आणि तेव्हा प्रांत बदलला की प्लेट पण बदलायची, म्हणजे काळी टीओ आहे याचा अर्थ गाडी त्या सगळ्या काळात तोरिनोतच राहिली. इथल्या लोकांना त्याचं फार असतं.

बोल्लोची (गाडीच्या टॅक्सची) चिंता नको, ३० वर्षं झालेल्या गाडीला नसतो, रस्त्यावर काढलीस तर ठोक किरकोळ रक्कम. रेविझिओने (सक्तीची तपासणी) मात्र दर दोन वर्षांनी. आझीचं (जुन्या गाड्यांची संघटना) सर्टिफिकेट करून घे, इन्शुरन्स बराच खाली येतो आणि जुन्या पेट्रोल गाड्यांना शहरात बंदी असते त्यातही बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण हे नियम शहरागणिक बदलतात तेव्हा आपल्या कोमुनेचं (नगरपालिकेचं) बघून घे.

चकाचक गाडीचं माझं ऐका. मी पहिली घेतली ती जार्दिनिएरा, ५०० ची स्टेशन वॅगन, इंजिन आडवं झोपवलेलं असतं म्हणून इटालियन लोक त्याला सोल्योला म्हणतात, एक चपटा मासा असतो तो. क्रीम रंग, नवीन टपाचं कापड, मी बघताक्षणी पाघळले. पहिल्याच रेविझिओनेला माणसाने जॅक लावला आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत गेला. फ्लोअरवर फायबरची चादर आणि त्यावर डांबरासारखं काहीतरी फासून वर सुंदर कार्पेट. विकणारा फोन उचलेना. पत्र्याच्या कामाला जे पैसे गेले त्यात अजून एक गाडी आली असती, नवऱ्याला आकडा अजून सांगितलेला नाही.

सिंक्रो_भक्त

सगळे ५०० च्या मागे का लागता कळत नाही राव. १२६ घ्या ना! १९७२ ला आली, तेच दोन सिलिंडरवालं इंजिन ५९४ सीसीचं, पुढे १९७७ पासून ६५२, पहिला सोडून बाकी गिअरना सिंक्रो (गिअर खर्रर्र न करता बसवणारी सोय), आणि लोक अजून नाकं मुरडतात म्हणून स्वस्त. ५०० चा बिनसिंक्रोचा गिअरबॉक्स म्हणजे शिक्षा आहे, ट्रॅफिकमध्ये खर्रर्र करून अख्ख्या चौकाला कळतं की नवशिक्या आलाय.

तोरिनोत_नवा

दारांचं वाचून डीलरला फोन केला. आधी म्हणाला, 'रिस्टोरेशनमध्ये सुधारणा केलीय', मग चासी नंबरचा फोटो मागितला तर म्हणाला उद्या पाठवतो. ते उद्या अजून आलेलं नाही.

१२६ चांगली असेल पण मला तो चौकोनी चेहरा भावत नाही, माफ करा. गिअरबॉक्सचं मात्र खरंच घाबरवलंत. इतकं वाईट आहे का?

काळे_हात

वाईट नाही रे, वेगळं आहे. दोप्पिएत्ता शिकावी लागते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायचं तर क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, अॅक्सिलरेटरला एक हलकी टिचकी, परत क्लच, मग दुसरा. टिचकी बरोबर बसली तर गिअर लोण्यात सुरी जावी तसा जातो, हाताला कळत पण नाही. कमी पडली तर खर्रर्र. पहिले पंधरा दिवस खर्रर्रच ऐकशील, मग एक दिवस डोकं न लावता जमून जातं आणि त्या दिवशी उगीचच चार गिअर जास्त बदलून घरी येशील. आणि सेल मारायला चावी फिरवायची नाही, चावीने फक्त करंट येतो. दोन सीटांच्या मधे दोन छोट्या दांड्या आहेत, एक चोकची, एक स्टार्टरची, ती वर ओढायची. पाहुणे बसले की त्यांना वाटतं तू हँडब्रेक ओढतोयस.

सिंक्रो_भक्तांचा एक मुद्दा मात्र घे. बऱ्याच ५०० मध्ये लोकांनी १२६ चं इंजिन टाकलंय. चालवायला झकास, पण लिब्रेत्तोत ४९९ सीसी आणि आत ६५२ असं असेल तर रेविझिओने नि इन्शुरन्सला उत्तर देत बसशील. इंजिनवरचा कोड ११० ने सुरू झाला तर मूळ समज, १२६ ने झाला तर बदललेलं. अपवाद फक्त शेवटची ५०० आर, तिला कंपनीनेच १२६ चं ५९४ सीसीवालं दिलं होतं.

अकरा वर्षं पडलेलं इंजिन एकदम स्टार्ट करायला जाऊ नको. प्लग काढ, दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड, एक रात्र जाऊ दे, मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळूच पुढेमागे ढकल. फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. ब्रेकचे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या आणि टायर बदलायचेच हे धरूनच चाल. आणि चालू झाली की हीटर उघडून वास घे, हीटरला इंजिनवरूनच गेलेली हवा मधल्या टनेलमधून आत येते, त्यामुळे तेलाचा किंवा धुराचा वास आला तर कुठेतरी गळतंय.

कागदवाली

पार्ट्सचं टेन्शन नको हेही सांगते, ५०० चं जवळजवळ सगळं नवीन मिळतं, माझ्या जार्दिनिएराला मात्र रडावं लागतं. जमलं तर जुलैत लिगुरियात गार्लेंदाला जा, फियाट ५०० क्लब इटालियाचा मेळा असतो, छोटंसं गाव आणि जिकडे बघावं तिकडे चिंक्वेचेन्तो. तिथे कुणीही झाकण उघडून दाखवतं, तासभर बोलत बसतं.

तोरिनोत_नवा

अपडेट. रविवारी सकाळी खाली गेलो. आधी अर्धा तास जॅमच्या बरण्या वर नेऊन ठेवल्या, एकही फेकायची नाही अशी ताकीद होती. मॅट उचलल्या. ड्रायव्हरच्या बाजूला टाचेखाली पत्रा जाळी झालाय, अंगठा आरपार गेला. बॅटरीचा ट्रे पण गेलाय. बाकी सिल, पाट्याची जागा, मागचा मेंबर, सगळीकडे चुंबक टकाटक चिकटलं. इंजिनचा कोड ११० चाच आणि चासी नंबर लिब्रेत्तोशी जुळतो. दाराच्या खिशात मिस्टरांची वही सापडली, १९७० पासूनची प्रत्येक ऑइलची नि ग्रीसची नोंद, किलोमीटरसकट, शेवटची कापऱ्या अक्षरात.

प्लगमधून ऑइल सोडून ठेवलं, सोमवारी संध्याकाळी आजींचा नातू आणि मी मिळून ढकलली. आधी नुसतीच अडली, मग मागून 'फुस्स... फुस्स' आलं आणि इंजिन फिरलं! आजी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या मिस्टर चालवायचे तेव्हा आवाज असा नव्हता, पण चालेल.

वारस दोनच, आजी आणि मिलानची मुलगी, ती शनिवारी सहीला येतेय. वीझुरा स्वच्छ. पत्र्याचं दाखवल्यावर आजींनी स्वतःहूनच ३५०० म्हटलं, मी घासाघीस केली नाही. आता एकच प्रश्न, फ्लोअरचं वेल्डिंग करून घेताना पूर्ण पॅन बदलू की तेवढाच तुकडा?

काळे_हात

पूर्ण पॅन बदल. आणि ती वही पुढे तूच लिहायला घे.