कायाकमधून फ्लाउंडर: मासा आमिषाला तोंड लावतो, पण गळाला राहत नाही

नमस्कार. साडेतीन मीटर लांबीच्या कायाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून, एका उथळ खाडीत मी गेले दोन हंगाम फ्लाउंडर धरण्याचा प्रयत्न करीत आहे. हा लेपा आणि भाकस यांच्या कुळातला चपटा मासा असून त्याचे दोन्ही डोळे अंगाच्या एकाच बाजूला असतात, आणि तो वाळूत अंग पुरून, फक्त डोळे उघडे ठेवून, भक्ष्य जवळून जाण्याची वाट पाहत पडून राहतो. त्यामुळे आमिष तळाला घासत, बेताच्या वेगाने सरकत राहिले पाहिजे, एवढे मला कळले आहे. कळूनही ते जमत नाही, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

पाण्याची खोली तीन ते पाच मीटर असते. दोरीच्या टोकाला शिसे, त्याच्या थोडे वर हातभर लांबीची उपदोरी आणि गळावर माकुळाची बोटभर लांब पट्टी, अशी मांडणी मी वापरतो. वारा आणि ओहोटी एका दिशेने असली की कायाक दोन नॉटहून (ताशी सुमारे पावणेचार किलोमीटरहून) अधिक वेगाने पळते, दोरी तिरपी होत जाते आणि शिसे तळ सोडते. दोन्ही परस्परविरुद्ध असली की कायाक जागच्या जागी तोंड फिरवीत राहते आणि आमिष एकाच ठिकाणी लोळते. यावर उपाय म्हणून मी ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात शंकूसारखी फुगणारी कापडी पिशवी, मागच्या टोकाला बांधली. वाऱ्याच्या दिवशी तिचा उपयोग झाला, परंतु वारा पूर्ण पडलेला असताना जोराच्या ओहोटीत तिने वेग तसूभरही कमी केला नाही. पिशवी सदोष आहे की माझी समजूत?

वैतागून एकदा नांगरही टाकला आणि त्याची दोरी बसण्याच्या जागेजवळच्या कडीत अडकवली. नांगराने तळ धरताच कायाक प्रवाहाला आडवी झाली, वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाऊ लागली आणि मांडीवर पाणी आले. लाइफ जॅकेट अंगात होते आणि सुरी छातीशी अडकवलेली होती, म्हणून दोरी कापून सुटलो. नांगर अजून तिथेच आहे.

दुसरी अडचण अधिक जिव्हारी लागणारी आहे. दोन ठोके जाणवतात, मग दांडी जड होते, मी हिसका देतो आणि गळ मोकळा वर येतो. पट्टी पाहावी तर गळाच्या मागचा भाग अर्धचंद्राकार तुटलेला असतो आणि उरलेल्या मांसावर बारीक दातांच्या टोचण्यांची ओळ असते. माझा मित्र त्याच पाण्यात, त्याच आमिषाने, लहान होडीतून मासे धरतो आणि ते त्याच्या गळाला टिकतात. तो तर सुकाणू सांभाळण्यात गुंतलेला असतो आणि त्याची दांडी नुसती खोबणीत उभी असते. तो याला नशीब म्हणतो. मला ते पटत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपण तुटलेली पट्टी नीट पाहिलीत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. आधी पिशवीविषयी. ती सदोष नाही. ती पाण्याला धरून राहते, त्यामुळे कायाक वाऱ्याऐवजी पाण्याबरोबर जाते. म्हणूनच वारा आणि ओहोटी विरुद्ध असतानाही ती अवश्य लावावी; वाऱ्याने अडवून धरलेली कायाक ती प्रवाहाबरोबर पुढे नेईल. परंतु पाणी स्वतःच धावत असेल तर पिशवीही त्याच वेगाने धावणार. तिथे उपाय वेळेचा आहे. सुमारे सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात जवळजवळ निम्मे पाणी उतरते, तेव्हा ते दोन तास सोडून पहिला किंवा शेवटचा दीड तास घ्यावा, अथवा अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस निवडावेत. वेग अर्धा ते एक नॉट राहिला की शिसे तळावर टकटक करीत चालते.

नांगर कायाकच्या मध्याला कधीही बांधू नये. बाजूने पुढून मागे फिरणारी, कप्पीवर चालणारी दोरी बसवून घ्या, म्हणजे बसल्या जागेवरून नांगराची ओढ टोकाला नेता येते. जोराच्या पाण्यात मात्र नांगर टाकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माशाविषयी. विंटर फ्लाउंडरचे डोळे उजव्या अंगाला असतात आणि तोंड अगदी लहान असते. त्याला बारीक गळ आणि किडे लागतात. आपल्या पट्टीवरील दातांवरून तो मोठ्या तोंडाचा, डावीकडे डोळे असलेला समर फ्लाउंडर असावा, म्हणजे गळाच्या आकाराचा दोष नाही. हा मासा अनेकदा आधी आमिषाचे शेपूट पकडतो आणि मग ते तोंडात ओढून घेतो. आपण दांडी जड होताच हिसका देता, त्यामुळे शेपूट त्याच्याकडे आणि गळ आपल्याकडे राहतो. आपल्या मित्राला हिसका देण्याची सवडच नसते. खोबणीतली दांडी हळूहळू वाकते आणि मासा तोवर घास आत घेतो. ठोका जाणवताच दांडीचे टोक माशाकडे झुकवा, चार-पाच अंक मोजा आणि वजन जाणवले की दांडी सावकाश वर उचला. पट्टीही थोडी आखूड कापा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. भांगाच्या दिवशी, ओहोटीच्या शेवटच्या तासात जाऊन आलो. सहा ठोक्यांपैकी चार मासे वर आले. दोन मोजपट्टीवर नियमापेक्षा आखूड भरले, ते लगेच सोडले. पाचपर्यंत मोजताना हात शिवशिवतो, हे खरे. आता एक शेवटची शंका उरली आहे: कायाक आडवी वाहत असताना मी पुढच्या अंगाला दोरी सोडली होती, ती दोनदा कायाकच्या खालून पलीकडे गेली आणि मासा जाळीत घेताना तारांबळ उडाली. दोरी नेहमी मागे पडणाऱ्या अंगालाच सोडावी का?