एप्रिल छाटणीचं काय?
फळ न देणारी फांदी म्हणजे चर्चमध्ये नुसती येऊन बसणारी माणसं, हे योहान 15 वरून (बायबलमधला द्राक्षवेल आणि फांद्यांचा दाखला) कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. फळ देणाऱ्या फांदीवरही तिथे कात्री चालतेच की! शिवाय आपल्या नाशकात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घड धरायचाच नसतो. नव्या काडीच्या डोळ्यात (म्हणजे कोंबात) घडनिर्मिती तेव्हाच होते, वरून काही दिसत नाही. घड बाहेर पडतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. (पिंपळगावकडे कुणालाही विचारा.)

आमच्याकडे उपासना संपली की सतरंज्या झटकून घड्या घालणारा एक पोरगा आहे. प्रार्थना करायला सांगितली तर घामाघूम होतो. त्याला एवढ्यात निष्फळ ठरवायची घाई कशाला?