ओरिओल शेजारी येतात, आमच्याकडे नाही. मदत हवी आहे (तातडीने)

साखरभात: ओरिओल पक्ष्याला अंगणात कसं बोलवायचं? संत्री कापून ठेवली, जेली ठेवली, नारंगी फीडर टांगला. शेजारणीकडे रोज येतात, आमच्याकडे एक फिरकत नाही. सासूबाई मंगळवारी परत निघतायत, त्यांना दाखवायचाय. 'गूगल करा' म्हणू नका.

अण्णा_गुहागर: हळद्या ना? उंबर लावा. आमच्या परसातला उंबर पिकला की काळ्या डोक्याच्या हळद्याची जोडी सकाळीच हजर. फीडर-बिडर शहरी खुळं.

साखरभात: अण्णा, मंगळवारपर्यंत उंबर फळेल का?

रानवाट: गाव कुठलं? पुण्यात हळद्या जास्त करून हिवाळ्यात दिसतो, आत्ता जूनमध्ये कठीण.

साखरभात: ओहायो, क्लीव्हलँडजवळ. जेली, फीडर म्हटल्यावर लक्षात यायला हवं होतं.

रानवाट: म्हणजे बाल्टिमोर ओरिओल! त्याचं कूळच वेगळं, आपल्या हळद्याशी नातं नाही. उंबर बाद.

अण्णा_गुहागर: उंबर कधी बाद होत नसतो.

मिशिगनकर: हे पक्षी दक्षिणेतून एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला इकडे पोचतात, दमलेले आणि भुकेले. फीडर त्याआधीच टांगलेला हवा. जूनमध्ये घरट्यात पिल्लं असतात, त्यांना अळ्या लागतात, म्हणून गोडाकडे येणं कमी होतं. पिल्लं उडायला लागली की त्यांना घेऊन परत येतात. तुम्ही कधी लावलात? कुठे? जेली कोणती?

साखरभात: मेच्या शेवटी. डेकच्या छपराखाली. जेली द्राक्षाची, शुगर-फ्री. यांना डायबेटिस आहे, घरात तीच असते.

मिशिगनकर: शुगर-फ्री आजच काढा!! पक्ष्याला साखरच तर हवी असते. साधी ग्रेप जेली आणा, एका वेळी चमचाभरच ठेवा, वाटीभर ठेवली तर पिसं चिकटतात. फीडर छपराखालून काढून उघड्यावर, उडताना वरून दिसेल असा टांगा. अर्धं संत्रं फांदीच्या टोकाला खोचा. साखरपाणी द्यायचं तर १ वाटी साखरेला ६ वाट्या पाणी. रंग नको, मध तर नकोच. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बदला.

कट्टावाला: मुळात रानपाखरांना खायला घालायचंच कशाला? दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्री टाकून बंद करावा लागला, विसरलात?

पहाटगाणी: कुठे कबुतरं, कुठे ओरिओल! साखरभात, लॉनवर कीटकनाशक मारता का? अळ्याच नसतील तर पिल्लांना भरवणार काय? ओक नाहीतर चेरी लावा.

अण्णा_गुहागर: बघा, शेवटी झाडावरच आलात.

खादाड: ती शुगर-फ्री जेली टाकू नका. गरम पोळीला तुपाबरोबर लावून गुंडाळी करा, मस्त लागते.

साखरभात: नवी जेली ठेवली. आत्तापर्यंत मुंग्यांची रांग आणि एक खार. मुंग्यांचं काय करू?

मिशिगनकर: फीडरच्या वर तारेत अडकवायची पाण्याची वाटी मिळते. दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतो तोच प्रकार. तेल-व्हॅसलीन फासू नका, पिसांना लागतं. आणि शेजारीण काय ठेवते ते विचारलंत का?

साखरभात: तिला मी विचारणार नाही.

खादाड: का??

कट्टावाला: +१. सविस्तर लिहा.