चिऱ्याच्या भिंतीवर राजकीय आशयाचे स्टेन्सिल : साचा, अक्षरे आणि परवानगी यांविषयी मार्गदर्शन हवे

दर्याकाठ (प्रश्न) :
नमस्कार. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत आमचे घर आहे आणि रापणीत (किनाऱ्यावरून जाळे ओढून होणाऱ्या पारंपरिक मासेमारीत) असलेली आमच्या कुटुंबाची ही तिसरी पिढी आहे. प्रखर दिव्यांच्या झोताखाली मासळी गोळा करून उचलणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरीही हंगामात रात्री पडवीत उभे राहिले की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. सभा झाल्या, निवेदने दिली. आता आमच्याच मांगराच्या (सामान ठेवण्याच्या खोपटाच्या) रस्त्याकडील भिंतीवर ‘दर्याचा अंधार परत द्या’ एवढे शब्द आणि एक चित्र स्टेन्सिलने उमटवावे, असे आम्हा काही तरुणांना वाटते. पहिला प्रयत्न फसला. पुठ्ठ्याचा साचा दोन छापांतच फुगला, अक्षरांची पोटे कापताना गळून पडली आणि स्प्रेचा रंग कडेखाली शिरल्यामुळे ‘प’ आणि ‘य’ यांचे नुसते डाग झाले. भिंत निम्मी गिलाव्याची, निम्मी उघड्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आहे. साचा कशाचा करावा, देवनागरी अक्षरे कशी कापावीत आणि भिंत स्वतःची असली तरी परवानगी लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कुंचला :
मी अनेक वर्षे होड्यांवरची नावे, क्रमांक आणि दुकानांच्या पाट्या रंगवतो आहे. पुठ्ठा सोडून द्या. जुनी एक्स-रे फिल्म घ्या. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवली की तिच्यावरचा काळा थर सुटतो आणि खालचे रेखाटन गिरवता येते. ते पाणी विहिरीपासून दूर टाका.

अक्षरांविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे काम इथेच बिघडते. संगणकावरचा टंक जसाच्या तसा कापला तर शिरोरेषेची एक लांब फट होते आणि सबंध साचा लोंबू लागतो. म्हणून शिरोरेषा सलग कापू नये, प्रत्येक अक्षरावर ती थोडी तोडावी. याचा दुसरा लाभ मोठा आहे. ‘प’ आणि ‘य’ यांच्या पोटातील पोकळी वरून शिरोरेषेनेच बंद झालेली असते. तिथे अर्धा सेंटिमीटर जागा न कापता सोडली की ती पोकळी वरच्या फिल्मला धरून राहते आणि वाचणाऱ्याला काहीही खटकत नाही. ‘च’चे पोट मात्र चहूबाजूंनी बंद असल्यामुळे त्याला स्वतंत्र सांधा, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवावाच लागतो. सहा इंची अक्षराला पाच मिलिमीटरचा सांधा पुरतो. त्याहून बारीक ठेवला तर साचा पुसताना तो तुटतो. अनुस्वार सुटाच असतो आणि रफाराला बंद पोट नसते, त्यांचा त्रास नाही.

आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटला की स्प्रेचा फवारा साच्याबाहेर उडतो, त्यामुळे काम सकाळी लवकर करावे. खरे तर स्प्रेपेक्षा स्पंज बरा. स्पंज रंगात टेकवून आधी रद्दीवर दाबावा, जवळजवळ कोरडा वाटू लागला की भिंतीवर सरळ टेकवत जावे, ओढू नये. रंग कडेखाली जातो तो बहुधा जास्त झाल्यामुळेच. उघड्या चिऱ्याच्या छिद्रांवर बारीक अक्षर कधीच स्वच्छ उमटणार नाही. शब्द गिलाव्यावर घ्या आणि चिऱ्यावर फार तर ठसठशीत आकार ठेवा. पावसात मुरलेली ओल भिंतीत बराच काळ राहते, तेव्हा दिवाळीपूर्वी रंगाला हात लावू नका.

पाऊलवाट :
महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रुपीकरणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे आणि तो केवळ सरकारी भिंतींपुरता नाही, लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागांचा त्यात विचार केलेला आहे. त्यामुळे मांगराच्या सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, मजकुराचा व चित्राचा नमुना जोडून ग्रामपंचायतीकडे अर्ज करा आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच काम सुरू करा. जेट्टी, शाळा, एसटीचा थांबा यांना स्पर्श करू नये. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे केंद्र संरक्षित किल्ले आहेत. तिथे असे काही करणे हा १९५८ च्या स्मारकविषयक कायद्याखाली गुन्हा ठरतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की राजकीय मजकूर उतरवण्याची मोहीम निघते, तोही काळ टाळलेला बरा. आपल्या वाक्यात कोणाचेही नाव नाही, हे मला फार योग्य वाटले.

तांबडी माती :
शब्दांइतकाच विचार चित्राचाही व्हावा, असे मनापासून वाटते. एर्नेस्ट पिन्याँ-एर्नेस्ट या फ्रेंच चित्रकाराने १९६६ साली, फ्रान्समधील आल्बियाँ पठारावर अण्वस्त्रांचा तळ येणार होता तेव्हा, हिरोशिमाच्या स्फोटानंतर भिंतीवर उरलेल्या मानवी सावलीचे छायाचित्र घेऊन तिचा साचा केला आणि ती सावली त्या परिसरातील भिंतींवर व खडकांवर उमटवली. ज्या जागेचा प्रश्न होता त्याच जागेवर ती सावली पडली होती, हे तिचे बळ.

आपल्या प्रश्नात दिवा आहे, म्हणून तो रंगवू नये, भिंतीचा पांढरा गिलावाच प्रकाश म्हणून मोकळा सोडावा. वरून रुंदावत येणाऱ्या झोताच्या आकाराची फिल्म चिकटवून भोवताली काळा रंग द्यावा, ती काढून मोकळ्या भागात बोटाएवढे बांगडे दाटीवाटीने छापावेत. एकच लहान साचा फिरवून पन्नास मासे होतील. त्यांना काव वापरावी. दक्षिण कोकणातील देवळांच्या भिंतींवर कावी चित्रकलेत हाच तांबडा रंग चुन्यावर चढवून कोरलेला असतो, त्यामुळे तो इथल्या डोळ्याला ओळखीचा आहे. मात्र वरील उदाहरण वाचून कोणी सड्यावरच्या (जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या) कातळावर रंग लावू नये, ही कळकळीची विनंती. बारसूसारख्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, काही ठिकाणी ती मातीखाली व गवताखाली झाकलेली असतात, आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेला रंग शिल्पाला इजा न करता निघत नाही.

दर्याकाठ :
सर्वांचे आभार. झोत मोकळा सोडण्याची सूचना वडिलांना दाखवली, त्यांना ती पटली. बांगड्याचे रेखाटन तेच करून देणार आहेत. ग्रामपंचायतीचा अर्ज उद्या देतो. काल आजोळी हापूसच्या पेट्यांवर मार्का मारण्याचा पत्र्याचा जुना साचा माळ्यावर सापडला. त्यातील ‘प’वरची शिरोरेषा मधोमध तोडलेलीच आहे.