मदत हवी आहे: प्रोटीन एस कमी आलंय, रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं का?

ओंकार_नाशिक
नमस्कार मंडळी. बायकोच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन एस (रक्ताच्या गाठी रोखणारं प्रथिन) ३८ टक्के आलंय, ठळक अक्षरात 'लो' छापलंय. आमच्या डॉक्टर म्हणतात डिलिव्हरीपर्यंत रोज एनॉक्सापॅरिन ४० (हेपरिनचं, गाठ होऊ न देणारं इंजेक्शन, ४० मिग्रॅ) घ्या, नाहीतर रक्ताची गाठ होऊ शकते. तिच्या माहेरच्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट बघून सांगितलं, काही गरज नाही. कोणाचं ऐकायचं? मेडिकलवाल्याला सिरिंज काढून ठेवायला सांगितल्यात, संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. अनुभव असेल त्यांनी प्लीज लवकर लिहा.

मेधा_कोथरूड
बिनधास्त घ्या. माझे आधीचे गर्भपात झाले होते, शेवटच्या वेळी पहिल्यापासून हेच इंजेक्शन आणि ॲस्पिरिन घेतलं. मुलगी आता बालवाडीत आहे. पोटावर काळेनिळे डाग पडतात, बाकी काही नाही.

रा_शि_जोशी
ओंकार, कितवा महिना? तिला आधी कधी गाठ झाली होती का? आणि ही तपासणी कधी केली? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

ओंकार_नाशिक
चौथा लागलाय. तपासणी गेल्या आठवड्यातली. गाठ वगैरे कधीच नाही. पण माझा प्रश्न साधा आहे, घ्यायचं की नाही?

स्वाती_लॅब
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गरोदरपणात प्रोटीन एस सगळ्याच बायकांचं उतरतं. रिपोर्टवर छापलेली मर्यादा असते ती गरोदर नसलेल्या बाईची, म्हणून तो 'लो' दिसतोय. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांप्रमाणे फ्री (रक्तात मोकळं असलेलं) प्रोटीन एस दुसऱ्या तिमाहीत ३० टक्क्यांच्या आणि तिसऱ्या तिमाहीत २४ टक्क्यांच्या खाली असेल तरच खरी कमतरता धरतात. तुमच्या रिपोर्टवर 'फ्री' लिहिलंय का 'टोटल', ते बघा. नक्की निदान हवं असेल तर बाळंतपण उरकल्यावर पुन्हा तपासायला लागेल. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रोम्बिन या गाठीचा धोका वाढवणाऱ्या दोषांच्या तपासण्या जनुकांच्या असतात, त्यांच्यावर गरोदरपणाचा परिणाम होत नाही. त्या केल्यात का?

वसंतराव_६०
एवढ्या तेवढ्यासाठी सुया टोचू नका. रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि जवस. रक्त आपोआप पातळ राहतं. आमच्या घरात तीन पिढ्या हेच.

रा_शि_जोशी
वसंतराव, जेवणात लसूण जरूर खावा. पण रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असेल तर लसणावर भिस्त ठेवणं जिवावर बेतेल. कृपया गरोदर बाईच्या बाबतीत असं सुचवू नका.

ओंकार_नाशिक
लसूण नको, उत्तर हवंय. फॅक्टर फाइव्ह निगेटिव्ह, प्रोथ्रोम्बिन पण निगेटिव्ह. रिपोर्टवर 'फ्री' लिहिलंय. तपासणी सासूबाईंमुळे केली. माझ्या मेहुण्याच्या वेळी बाळंतपणानंतर त्यांचा पाय सुजला आणि गाठ फुफ्फुसात गेली, आयसीयूत होत्या.

रा_शि_जोशी
अहो, ही तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट! आकड्यापेक्षा जास्त वजन या इतिहासाला आहे. सख्ख्या आईला बाळंतपणात गाठ झाली असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. सासूबाईंची तपासणी कधी झालीय का? बायकोचा रिपोर्ट आत्ता धड वाचता येत नाही, पण सासूबाईंचा येईल. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रोम्बिन, गाठी रोखणारी ही तिन्ही प्रथिनं तपासून घ्या. त्यातलं अँटीथ्रोम्बिन कमी निघालं तर धोका सगळ्यात जास्त. आणि हे प्रसूतितज्ज्ञांबरोबर रक्तविकारतज्ज्ञांनीही बघायला हवं.

स्वाती_लॅब
सासूबाई वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेत असतील तर आधी सांगा. त्या गोळीने प्रोटीन सी आणि एस दोन्ही कमी दिसतात.

मेधा_कोथरूड
मला वाटतं तुम्ही त्यांना उगाच गोंधळात टाकताय. इंजेक्शनने माझं बाळ टिकलं, मी स्वतः अनुभवलंय.

रा_शि_जोशी
मेधाताई, तुमचा त्रास एपीएलएचा (रक्तात गाठी करणाऱ्या अँटीबॉडीजचा) होता का? तो जन्मजात नसतो, मागाहून होतो, आणि त्यात ॲस्पिरिन आणि हेपरिनचा खरंच उपयोग होतो. जन्मजात दोष आणि वारंवार गर्भपात असलेल्या बायकांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ साली लॅन्सेटमध्ये आला. त्यात हेपरिनने बाळ टिकण्याचं प्रमाण वाढलं नाही. आईला गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन देणं हा वेगळा विषय.

मेधा_कोथरूड
हो, एपीएलएच होता. मला दोन्ही एकच वाटत होतं.

तुकाराम_आळंदी
हे इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून करतात असं ऐकलं. आम्ही माळकरी. दुसरं काही मिळतं का?

स्वाती_लॅब
खरं आहे. फोंडापॅरिनक्स पूर्ण कृत्रिम आहे, पण गरोदरपणात त्याचा अनुभव कमी, त्यामुळे सहसा हेपरिन चालत नसेल तेव्हाच देतात. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, मनाने थांबवू मात्र नका.

पल्लवी_लंडन
इथे पहिल्याच भेटीत मिडवाइफ गाठीच्या धोक्याचा तक्ता भरते. वय, वजन, घरातला इतिहास, सिझेरियन, सगळं त्यात धरतात. मला २८ व्या आठवड्यापासून सुरू केलं होतं. सुया टाकायला पिवळा डबा घरी देतात. हेपरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही. वॉरफरिन जातं, म्हणून गरोदरपणात ते टाळतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे सगळ्यात जपायचे असतात, तुमच्या सासूबाईंचंही तेव्हाच झालं ना? ओंकार, तिचा पाय वगैरे दुखत नाही ना?

ओंकार_नाशिक
डाव्या पोटरीत परवापासून गोळे येतायत. सूज पण आहे थोडी, पण गरोदरपणात ती येतेच ना?

पल्लवी_लंडन
दोन्ही पायांना येते. एकाच पायाला, त्यातही डाव्या, आणि घरात हा इतिहास असताना थांबू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, पायाचा डॉपलर करा.

रा_शि_जोशी
पल्लवीताईंशी शंभर टक्के सहमत. डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच, बाळाला काही होत नाही. डी-डायमरवर (गाठीसाठीची रक्ततपासणी) विसंबू नका, गरोदरपणात तो तसाही वाढलेला असतो. वाटेत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

वसंतराव_६०
पाय उंच ठेवून कोमट तेलाने चोळा, बरं वाटेल.

स्वाती_लॅब
चोळू नका! गाठ असेल तर सुटून वर जाऊ शकते.

ओंकार_नाशिक
निघालो.

ओंकार_नाशिक
डॉपलर झाला. गाठ दिसली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा करायचाय. तिथेच रक्तविकारतज्ज्ञ भेटल्या. त्या म्हणाल्या, सासूबाईंचे तिन्ही रिपोर्ट येईपर्यंत रोज ४० घ्या, मग बघू. रिपोर्ट काहीही येवो, बाळंतपणानंतर सहा आठवडे नक्की. वॉरफरिन सासूबाईंनी केव्हाच सोडलंय, त्यामुळे तपासणीला अडचण नाही. कळा सुरू झाल्या असं वाटलं तर पुढचं इंजेक्शन न घेता फोन करायचा, कारण पाठीत भूल द्यायला आधीच्या इंजेक्शनपासून निदान १२ तास जावे लागतात. पण आजी म्हणते बाळंतिणीने सव्वा महिना खाटेवरून उतरायचं नाही आणि पाणी बेताने प्यायचं. यावर कोणी काही सांगेल का?

पल्लवी_लंडन
शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं करा. पण पाणी भरपूर द्या आणि त्याच दिवसापासून घरातल्या घरात चालती ठेवा. पडून राहणं आणि पाणी तोडणं या दोन्हीने गाठीला निमंत्रण मिळतं. आजींना सासूबाईंचीच हकीकत सांगा, पटेल.

ओंकार_नाशिक
सांगतो. एक राहिलं, सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतोय, तो काढून टाकायचा का?

मेधा_कोथरूड
नाही हो, पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर तसाच राहू द्या, काढायला गेलात तर औषध सांडतं. बेंबीपासून निदान दोन इंच लांब, चिमटीत कातडी धरून सुई सरळ आत. टोचल्यावर चोळायचं नाही. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे.